यमुताईची ओट्यावरची शाळा

कोराडीच्या रस्त्यानं नागपूर मागं टाकलं की नाक्याच्या पुढं डाव्या हाताला एक वस्ती लागायची. वस्तीतले बाप्ये वीजकेंद्रावर रोजंदारीनं जायचे आणि संध्याकाळी अंगावर राख घेऊन परतायचे. बाया घरोघरी बिड्या वळायच्या. या बायांत यमुताई मेश्रामचा मोठा दरारा. दरारा असावा असं तिच्याजवळ काही नव्हतं. नवरा कधीचाच गेलेला, एकुलती एक लेक कामठीला नांदत होती. पण तोंड फटकळ होतं, बिड्या जमा करून मजुरी घ्यायचं ठेकेदाराचं कार्ड तिच्या नावाचं होतं आणि घरांच्या ओळीतल्या बायांत वाचता येणारी ती एकटीच होती.

तिसरी पास होती ती. त्या तिसरीचा तिला जेवढा अभिमान, तेवढाच राग. कारण तिसरीत असतानाच तिचा हात बिडीवर असा बसला, की बापानं चौथीचं नावच काढलं नाही. घरात सगळ्यांत जलद वळणारी पोर शाळेत नुसती बसवून कोण ठेवेल? पुढं छप्पन साली वस्ती बौद्ध झाली, पोरांना शिकवा असं जो तो म्हणू लागला, तेव्हा यमुताईची लेक रांगत होती. "मले सांगायले उशीर केला गा तुम्ही," असं तिनं सभेतल्या म्हाताऱ्यांना तोंडावर सुनावलं होतं.

सत्त्याहत्तर साल सरत आलं आणि सरकारी नोकरांचा संप झाला. गुरुजी लोकही संपावर गेले. शाळेला कुलूप लागलं. पोरांनी पहिला आठवडा बोरं पाडण्यात आणि टायर पळवण्यात घालवला. मग हळूहळू आयांच्या ध्यानात आलं की अरे, घरात दोन रिकामे हात फिरून राहिले. कोणी पोराला टेंभुर्णीची पानं कापायला बसवलं, कोणी पोरीला बिडीला सूत गुंडाळायला. संप काही मिटेना, आणि पोरांची बोटं तंबाखूनं पिवळी पडायला लागली.

यमुताईनं ती बोटं पाहिली. हे असंच सुरू होतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. आज पानं कापतात, उद्या वळतात, आणि परवा शाळा उघडली तरी कोणाला आठवत नाही. ती घरोघरी गेली. पोरं माझ्या ओट्यावर पाठवा, मी शिकवतो, म्हणाली. बाया हसल्या. शिकव बाई, पण मग पानं कोण कापेल? यमुताईनं डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. पोरांनी आपापली सुपं घेऊन यावीत. हातानं काम करतील, तोंडानं शिकतील. मालात एका बिडीची खोट आली तर मला बोला.

हा तोडगा सगळ्यांना पटला. स्वतः यमुताईला तर इतका पटला की ती दोन दिवस स्वतःवरच खूश होती.

अशी ती शाळा भरली. थंडीचे दिवस, ओट्यावर ऊन यायचं. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि मधोमध यमुताई. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा बांधतात, तेव्हा पंचवीसचा पाढा पोरांना आपोआप आला. कविता ती एक ओळ म्हणायची, पोरं मागून म्हणायची, आणि ठेक्यावर हात चालायचे. लिहायची वेळ आली की पानं ओल्या फडक्याखाली झाकायची आणि फरशीवर कोळशानं अक्षरं काढायची. जो चुकेल त्याला फरशी पुसावी लागे. रस्त्यानं जाणारे लोक थांबून पाहायचे. यमुताई त्यांना हटकायची, काय पाहून राहिले, पैसे पडतात काय पाहायचे?

या पोरांत शेजारच्या रुखमाबाईची जया होती. चौथीतली, हाडकुळी, कमी बोलणारी. रुखमाबाई वस्तीत उशिरा आलेली, तिला ठेकेदाराचं कार्ड मिळालं नव्हतं. तिच्या बिड्या यमुताईच्या टोपलीतून, यमुताईच्या कार्डावर जायच्या. तिचा नवरा रुपराव छातीच्या दुखण्यानं घरी पडून होता, म्हणजे घर त्या बिड्यांवरच चालत होतं. जया पाढ्यात पहिली, कवितेत पहिली, आणि काही दिवसांतच बिडीतही पहिली. तिची बिडी शेवटपर्यंत सारखी, घट्ट, आणि तोंड असं सफाईनं दुमडलेलं की बघत राहावं. यमुताईला तिचं कौतुक आवरत नसे. येईल त्या बाईला ती जयाचा कट्टा हातात घेऊन दाखवायची. पाहा वं, चौथीतल्या पोरीचा हात पाहा, आणि सतराचा पाढा उलटा म्हणते.

या कौतुकाचं पुढं काय होईल, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. यायला पाहिजे होतं. दुसऱ्या कोणाच्या नाही तरी तिच्या डोक्यात तर नक्कीच.

फेब्रुवारीत संप मिटला. कुलूप निघालं, घंटा झाली, पोरं सुपं टाकून पळाली. दोन-तीन दिवस गेले तरी जया मात्र घरच्या उंबऱ्यात सूप घेऊन बसलेली दिसली. गुरुजींनी निरोप पाठवला, त्याचं उत्तर गेलं नाही. मग यमुताई रुखमाबाईकडं गेली.

रुखमाबाई भांडली नाही. तिनं चहा ठेवला. संथपणे म्हणाली, "बाई, तुह्या ओट्यावर दोन्ही कामं होत होती. पोरगी शिकत बी होती आन् हात बी चालत होते. मंग शाळेत काहून पाठवू? तूच शिकव तिले."

यमुताई म्हणाली की मी तिसरीपर्यंतच शिकलेली, अपूर्णांक आले की माझी गाडी बंद. रुखमाबाई म्हणाली, मग तिसरीपर्यंतचं पुरे आहे, बिडी वळायला अपूर्णांक लागत नाहीत. रुपराव खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता.

रुखमाबाई बोलली त्यात खोटं काय होतं? काम आणि शिक्षण एका जागी बसवून दाखवलं होतं ते यमुताईनंच. ज्या पोरीला सुपापासून वाचवायचं म्हणून हा सगळा खटाटोप केला, तिलाच आपण दोन महिने हाताला धरून सूप शिकवलं. घरी येऊन ती कपाळाला हात लावून बसली. स्वतःच्या बापाला तिनं जन्मभर शिव्या दिल्या होत्या. त्या आता तिला मोकळ्या मनानं देता येईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमाबाईनं नेहमीप्रमाणं आपले कट्टे आणून यमुताईच्या टोपलीत ठेवले. ठेकेदाराचा मुनशी बिड्या तपासायचा आणि वाईट असतील त्या बाजूला टाकायचा. असल्या बिड्यांना बाया छाट म्हणायच्या. छाटीची मजुरी मिळत नसे. त्या दिवशी यमुताईनं छाट आपणच काढली. प्रत्येक बाईच्या हाताची बिडी वेगळी ओळखू येते. जयाची तर अंधारातही आली असती. यमुताईनं तिचे सगळे कट्टे एकेक करून वेचले आणि रुखमाबाईच्या उंबऱ्यात ठेवले.

"ह्या जयाच्या होय," ती म्हणाली. "तुह्या नेतो. ह्या माह्या कार्डावर जात नाही."

रुखमाबाईला आधी ते खरंच वाटेना. मग तिचा तोल सुटला. तिनं साऱ्या ओळीला ऐकू जाईल असा उद्धार केला. घरात आजारी माणूस आहे, हे हिला दिसत नाही का? कार्ड आहे म्हणून गरिबाच्या पोटावर पाय देते? ओळीतल्या बायाही रुखमाबाईच्या बाजूनं झाल्या, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. यमुताई ठेकेदाराकडं माल पोचवायला टोपली डोक्यावर घेऊन बसथांब्याकडं निघून गेली. पुढचे काही दिवस रोज हेच झालं. उंबऱ्यातल्या बिड्यांचा ढीग वाढत गेला, आणि यमुताईशी पाण्याच्या नळावरही कोणी बोलेना. तिला ते लागत होतं. जेवण जात नव्हतं. पण सकाळ झाली की ती पुन्हा टोपलीपुढं बसायची आणि जयाच्या बिड्या वेचून काढायची.

शेवटी रुखमाबाई आली, ओट्याच्या खालीच उभी राहिली आणि म्हणाली की उद्यापासून पोरगी शाळेत जाईल. लगेच वळून गेली.

दुसऱ्या दिवशी जया पिशवी घेऊन निघाली आणि ओट्यापाशी थांबली. इतके दिवस दोन घरांत काय चाललं होतं, ते तिला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. तिनं पाहिलं होतं ते एवढंच, की मावशी रोज तिचेच कट्टे छाटीत काढते.

"मावशी," तिनं विचारलं, "माह्या बिड्या खराब होत्या का वं?"

एवढी सफाईदार बिडी यमुताईनं उभ्या हयातीत क्वचितच पाहिली होती. तसं सांगावं, पोरीला जवळ घ्यावं, असं तिला फार वाटलं. पण तुझ्यासारखा हात कोणाचा नाही, हे एवढ्याच वयात यमुताईला तिच्या बापानं सांगितलं होतं, आणि ते ऐकून ती किती आनंदानं सुपापुढं जाऊन बसली होती, हे तिला आठवत होतं.

"खराबच होत्या," यमुताई म्हणाली. "तुले नाही जमत ते. जाय आता, घंटा होईन."

जयानं आपल्या बोटांकडं पाहिलं, बोटं फ्रॉकला पुसली आणि रडत रडत शाळेत गेली. पुन्हा ती त्या ओट्यावर चढली नाही. एप्रिलात चौथी पास झाली तेव्हा रुखमाबाईनं साऱ्या वस्तीत साखर वाटली, यमुताईचं दार तेवढं सोडून. पोरगी पास झाली हे यमुताईला कळलंच. तिनं आपल्याच डब्यातली चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि पुन्हा कामाला बसली.