रे रोडच्या वखारीतली देवी

लालबाग ते रे रोड हाही प्रवासच आहे, हसू नका. चाळीतली खोली सोडून नव्या इमारतीत जायला चार दिवस उरले होते आणि आई हटून बसली होती. देव्हाऱ्यातल्या फोटोतली देवी कुठल्या गावची, हे कळल्याशिवाय ती हलणार नव्हती. आम्ही मालवणकडचे. घर सोडताना देवाला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे त्याचं आणि गावाचं नाव घेऊन सगळं सांगायचं. नावच ठाऊक नाही, तर हाक कुणाला मारणार?

फोटो बाबांनी आणलेला. संपात गिरणी बंद पडली तेव्हा ते रे रोडला लाकडाच्या वखारीत राबत होते. तिथल्या रद्दीत या लाकडी देवीचा फोटो सापडला. अर्धे मिटलेले डोळे, उंच मुकुट, शेजारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी. आमच्या गावच्या देवळात देवाचा तरंग असतो, कापड गुंडाळलेली उंच काठी. त्यामुळे आई देवीबरोबर या काठीलाही रोज कुंकू लावायची.

शनिवारी सकाळी बस धरली. रविवारी जाऊ नका, वखारी बंद असतात. उतरल्यावर सागाचा वास येतो, त्याच्या मागोमाग चालत राहायचं. भुशाने ऊन पिवळं झालं होतं. मला वाटत राहिलं, बाबा कुठल्यातरी ओंडक्याआडून डबा घेऊन येतील. कोपऱ्यावरचा भजी-पाव जरूर खा.

वखारीचे म्हातारे शेठ फोटो पाहून हसले. "ये तो आमचाच माल होता. जावा बेटावरची मूर्ती. तिकडे भाताची देवी, श्री बोलतात तिला. गिऱ्हाईकाला पाठवायला फोटो काढला."

"आणि ही काठी?"

"ते माप आहे, बेन. मूर्ती केवढी ते समजायला बाजूला उभं केलं."

परतताना खिडकीशी बसले. जावाची भातशेतं आणि आमची, दोन्हींवर एकाच समुद्राचा वारा येत असेल, असं काहीबाही मनात येत होतं. आईला काठीचं सांगावं की नाही, ते मात्र ठरेना.

सांगितलं. आई फोटोची काच पुसत राहिली.

"म्हंजे इतकी वर्सां बाय आमच्याकडे एकटीच रवली," ती म्हणाली.

मग तिने नारळ ठेवला, पदर डोक्यावर घेतला. "जावा गावच्या भाताच्या आये, आमी तुका तरंगाशिवाय ठेवलां, चुकी पदरात घे. आता आमच्यावांगडा नव्या घराक चल."

आणि ती थांबली. इथे दुसऱ्या कुणीतरी होकार द्यायचा असतो. तो बाबा द्यायचे. आई माझ्याकडे बघत होती.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.