अक्षता घेऊन आलेले श्रोते

मोगलाईतला, म्हणजे निजामाच्या मुलखातला माणूस कादंबरी लिहितो, याची पुण्याच्या छापखानेवाल्यांना मोठी गंमत वाटे. मी बीडला तहसिलीत कारकून. दिवसभर उर्दूत सरकारी कागदांच्या मिसली खरडायच्या आणि घरी येऊन मराठीत कादंबरी, असा माझा उद्योग. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या एका कोवळ्या पोरीची ती गोष्ट होती. मी पुण्याला पत्रांवर पत्रं धाडली. एकाच सद्गृहस्थाने उत्तर दिलं. त्यात माझ्या कथानकाबद्दल अवाक्षर नव्हतं. तुमच्याकडे सीताफळं स्वस्त मिळतात काय, एवढंच विचारलं होतं. असल्या लोकांच्या हाती मराठी वाङ्मय होतं.

शेवटी एक एजंट भेटला. पंचांगं आणि पोथ्या विकत तो गावोगावचे बाजार हिंडे. पुण्यातल्या एका छापखान्यात आपला शब्द चालतो, असं तोच सांगे. माझ्या हस्तलिखिताचं बाड त्याने हातावर तोलून पाहिलं, उघडलं मात्र नाही.

"नांदूरघाटला पाटलांकडे चातुर्मासात पोथी लागते," पानाची पिंक टाकत तो म्हणाला. "तिथे वाचा. मंडळी बसली तर छापू, उठली तर विसरा."

बैलाची पारख करावी तशी कादंबरीची पारख! राग आला, पण दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं, म्हणून गेलो.

पाटील साठीला टेकलेला. दोन बायका वारल्यावर तिसरी गेल्याच उन्हाळ्यात आणलेली, त्याच्या नातीच्या वयाची. ते कळल्यावर मला आनंदच झाला. म्हटलं, बरा सापडला.

पण त्या मंडळींना कादंबरी म्हणजे काय, हे ठाऊक असेल तर ना! पुस्तक म्हणजे पोथी. माझं बाड चौरंगावर गेलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली. सोप्यात पुरुष, माजघराच्या दाराआड बायका, आणि रोज संध्याकाळी एक अध्याय. म्हातारा नवरदेव मिशांना कलप लावतो, हे मी चांगलं विष कालवून लिहिलं होतं. ते ऐकून एकजण मान डोलावत म्हणाला, "बराबर हाय. नवरदेव कसा टापटीप पायजे." गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय!

कहर झाला तो लग्नाच्या अध्यायाला. पोथीत लग्न आलं की ते खरोखरीच लावायचं, अशी तिकडची चाल. मला त्याचा विसर पडला आणि "उद्या तिचं लग्न" असं मी आदल्या दिवशी बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी जातो तो दाराला आंब्याचे डहाळे, आत पुरणाचा घमघमाट आणि प्रत्येकाच्या मुठीत अक्षता. ज्या ओळीवर ऐकणाऱ्याला त्या पोरीची कीव यावी म्हणून मी महिनाभर झटलो, त्या ओळीवर साऱ्यांनी "शुभमंगल" म्हणत माझ्या बाडावर तांदूळ उधळले. कुणीतरी ताशाही आणला होता.

"लई बेस लगीन लावलंत, पंत," पाटील म्हणाला. त्याचे डोळे खरंच पाणावले होते.

एजंट तर हर्षाने नाचायचाच बाकी होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "इथेच संपवा. पुढचं रडगाणं कापून टाका. पहिल्या पानावर पाटलांचं नाव घालू, लग्नाकार्यात वाटायला छान पुस्तक होईल. छापलंच म्हणून समजा."

मी त्या माणसाला मनात शिव्या घातल्या आणि मान हलवून हो म्हटलं. छापील पुस्तकाची हाव वाईट.

पाटलाने आरतीचं ताट मागवलं. तेवढ्यात दाराआडून बारीक आवाज आला, "पुढं काय झालं वो तिचं?"

साऱ्यांच्या माना दाराकडे वळल्या. पाटलाची बायको होती ती.

"काय न्हाई झालं. पोथी सपली," पाटील म्हणाला.

"न्हाई सपली. पानं हायेत की अजून."

एजंट मला डोळ्यांनी दाबत होता. पुणं, छापखाना, कापडी बांधणीवर माझं नाव, सगळं त्या ताटातल्या निरांजनाइतकं जवळ होतं. मी बाडावरचे तांदूळ झटकले आणि पुढचं पान काढलं.

लग्नानंतरची पहिली रात्र होती ती. पोरगी धान्याच्या कणगीमागे दडून बसते आणि नवरा कंदील घेऊन तिला घरभर शोधतो. मी वाचू लागलो. अर्धं पानही झालं नसेल, पाटील ओरडला, "ए, बस कर बे!" मला 'पंत' म्हणणं तिथेच संपलं. मी वाचतच राहिलो. एजंटाने पोथ्यांचं गाठोडं उचललं. पुरुष एकेक करून वहाणा शोधत बाहेर पडले, ताशेवालाही गेला. माझी कादंबरी छापली जाणार नाही, हे तेव्हाच ठरलं, आणि पुढेही कधी ती छापली गेली नाही.

दाराआड मात्र बांगडीसुद्धा वाजत नव्हती. पाटलाने आत जाऊन साऱ्या बायकांना उठायला सांगितलं. एकही उठली नाही.