कुंकवाचा डोंगर
झेंडूचा वास आला की मला आमच्या लालबागच्या खोलीतली एक खंडेनवमी आठवते. गिरणीत फिटर असलेले बाबा त्या दिवशी पाटावर आपले पाने मांडून त्यांची पूजा करत. मी प्रयोगशाळेत सूक्ष्म यंत्रं बनवायला लागले, त्या वर्षी म्हणाले, "तुझा मशीन पण हाड. बंद मशीनाक कुंकू लावचा नाय हां, चालू आसा ताच हाड." नखाएवढ्या चिपवर केसाहून बारीक पट्टी थरथरायची, ते माझं मशीन, चाललेलं तेवढं एकच; तेच मी घरी आणलं. "लहान मशीनाक लहान टिळो," म्हणत, मी काही बोलायच्या आत, बाबांनी काडीच्या टोकाने जमेल तितका बारीक ठिपका लावला. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर लाल दगडांचा डोंगर आणि त्याखाली गप्प झालेली पट्टी. घरी येऊन सांगितलं, तेव्हा बाबा बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिले. आता आमची यंत्रं त्याहूनही लहान, नॅनोची झालीत. त्यांचं सोवळं इतकं कडक, धुळीचा कणही चालत नाही, की घरी आणायचा प्रश्नच नाही. बाबाही नाहीत. पण खंडेनवमीला त्यांच्या पान्यांशेजारी मी ती जुनी चिप मांडते, आणि त्यांचा नियम मोडून बंद मशीनाला कुंकू लावते.