चिमटीतला दाणा

प्रयोगशाळेच्या तळघरात एक दाबयंत्र होतं आणि ते चालवायला दाबमामा होते. दोघांपैकी जास्त कोण करकरतं, यावर वरच्या मजल्यावर पैजा लागत. तसे ते साऱ्या इमारतीचे मामा, पण तिथेच संशोधन करणाऱ्या भाचीचे मात्र सख्खे.

झिरकोनिया या धातू-ऑक्साइडचा दाणा यंत्रात प्रचंड दाबायचा, वर भट्टीसारखा तापवायचा. आतले अणू नाइलाजाने नवी मांडणी करतात. पदार्थ तोच, घडण वेगळी. दाब काढल्यावर ती टिकते का, एवढंच भाचीला शोधायचं होतं. आजवर प्रत्येक दाणा जुन्याच रूपात सापडला होता. यंत्र आता मोडीत निघणार होतं. हा शेवटचा दाणाही परतला, तर तिचा प्रबंध बुडाला.

मामा दाब इतका सावकाश उतरवत, की त्यांच्या घरी कुकर उघडेपर्यंत पाहुण्यांची भूक मरायची. मग दाणा काढून ते पॉलिशपेपरवर घासत. मळका दाणा घडण तपासायला क्ष-किरणांपुढे धरणं म्हणजे शेंबड्या पोराला लग्नाला नेणं, असं त्यांचं मत.

"घासताना बोलतो गं माझ्याशी. बारीक टिक् करतो."

"घरात कुणी ऐकत नाही, मग दाण्यांशीच बोला!"

त्या दुपारी मामांनी दाणा चिमटीत धरला. काचेसारखा नितळ होता. भाची वाकून बघत होती. त्यांनी कागदावर एकच हात फिरवला.

टिक्.

दाण्याच्या कडेला दुधाळ डाग उमटला आणि आत सरकू लागला. आतून कुणी पडदा ओढत यावं, तसा.

"मामा, थांबा!"

हात थांबला. अर्ध्यावर येऊन डागही थांबला.

"हा बदललेलाच बाहेर आला होता," भाची हळूच म्हणाली. "घासल्यामुळे परततोय."

तिने तो तसाच, फुंकरही न घालता क्ष-किरणांखाली ठेवला. नितळ अर्ध्यातून नव्या घडणीच्या रेषा पडद्यावर उमटल्या. प्रबंध तरला होता. पण हसलं कुणीच नाही.

मामा कपाटाकडे बघत होते. आत बाटल्याच बाटल्या, आणि प्रत्येकीत आजवर घासलेला एकेक पांढराफटक दाणा.

"हे सगळे?"

भाचीने मान खाली घातली.

"आणि मला वाटायचं, पोरं ओळख देतायत."

निघताना मामा दारापाशी थबकले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घट्ट धरले होते.

"दार तू उघड," ते म्हणाले.