वहिनीच्या घासाला लागणारा वेळ

दादाचा फोन आला तेव्हा मी शाळेत निघायच्या तयारीत होते. "मंदे, कांता गेली," एवढंच तो बोलला. मागे दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती. दादाच्या तोंडून वहिनीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. एरवी त्याच्यासाठी ती 'योगेशची माय' होती.

डेंग्यूचा ताप आला आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. हे आधीच सांगून टाकते, कारण तिवशाजवळच्या आमच्या गावात भेटायला येणारा जो तो हळूच विचारत होता, "घास अडकला काय वं?" नाही. कांतावहिनी घास अडकून गेली नाही. घासाशी ती जन्मभर झगडली, पण त्या झगड्याचा निकाल शेवटी तिच्या बाजूनं लागला होता. ते कसं, तेवढंच मला लिहायचं आहे.

वहिनी अकोल्याकडची. तिच्या माहेरी भाजीपाल्याचा मळा, आमच्याकडेही तोच धंदा. लग्न होऊन आली तेव्हा मी दहावीत होते. वांगी तोडताना, मेथीच्या जुड्या बांधताना तिचा हात वाऱ्यासारखा चालायचा. जेवायला बसली की मात्र सगळं थांबायचं. एकेक घास चावत राहायची, वरून पाण्याचा घोट, मग मान जराशी वर करून स्वस्थ बसायची. आई म्हणायची, "गायीवानी रवंथ करून राहिली." वहिनी घास उतरेपर्यंत थांबायची आणि मग म्हणायची, "गाय दूध तं देते ना, आत्याबाई." आईला हसू यायचं, पण ती ते दाखवायची नाही.

पहिल्याच वर्षी मारुतीच्या देवळात रोडग्यांचं जेवण होतं. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे घट्ट गोळे. वांग्याची भाजी आणि वरण घेऊन आमचे लोक ते पोटभर खातात. आमच्याकडे पंगतीचा नियम असा, की शेवटच्या माणसाचं पान होईपर्यंत कोणी उठायचं नाही. त्या दिवशी अख्खी पंगत हात वाळवत बसली. पत्रावळीवर अर्धा रोडगा घेऊन एकटी वहिनी जेवत होती. पलीकडून एक म्हातारबुवा ओरडले, "कोन हाय थे? जेऊन राहिली का पूजा करून राहिली?" सगळे हसले. वहिनीही हसली, आणि तसंच ताट सारून उठली.

त्यानंतर ती पंगतीला बसलीच नाही. लग्न असो, बारसं असो, वरणाची बादली उचलायची आणि वाढायला लागायची. गावात तिचं नाव झालं, वाढावं तर कांतानं. ती स्वतः कधी जेवते, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. ती जेवायची मागून, स्वयंपाकघरात, वरणात भाकर कुस्करून, एकटी.

उपाय पुष्कळ झाले. कोणी म्हणालं, घासाला नजर लागली. एका आजीनं पडजीभ उतरली म्हणून मिठाचं बोट घालून दाबली, त्यानं दोन दिवस पाणीही जाईना. चाळिशी उलटल्यावर त्रास वाढला, भातसुद्धा छातीत थांबायला लागला. दादा घाबरला. त्याच्या मनात जो आजार होता त्याचं नाव घरात कोणी घेतलं नाही. अकोल्याला तिच्या भावानं दुर्बिणीतून तपासणी करवली. नळी आतून साफ निघाली. "मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका," असं सांगून डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. घरच्यांचा जीव भांड्यात पडला आणि वहिनीचं मरण झालं. आता त्याला नाटक म्हणायला सगळे मोकळे झाले.

मी बी.ए., बी.एड. झाले. आमच्या घरातली पहिली, आणि हे मी कुठेही ताठ मानेनं सांगते. फी दादानं भरली, पण सकाळच्या एसटीच्या आधी डबा वहिनीनं भरला. वैद्यकातलं मला काही कळत नव्हतं. पण नाटक करणारा माणूस एकटा असताना नाटक करत नाही, एवढं कळत होतं. स्वयंपाकघराच्या दारातून मी तिला जेवताना पाहिलेलं होतं. मी तिला अमरावतीला माझ्याकडे आणलं.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला पांढरं औषध पाजत पाजत एक्सरे काढले, मग सीटी स्कॅन केला. कागदावर चित्र काढून त्यांनी समजावलं. उजव्या हाताला रक्त नेणारी धमनी असते. वहिनीची ती धमनी भलतीकडूनच, डाव्या अंगाला निघाली होती आणि अन्ननलिकेच्या मागून आडवी उजवीकडे गेली होती. मागून दाबत होती. जन्माच्या आधीच, आईच्या पोटात ती तशी घडली होती. वय वाढलं, धमनी कडक होत गेली, तसा दाब जाणवायला लागला.

वहिनीनं चित्रातल्या धमनीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजे मी खोटी नोती."

"अजिबात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मंग हे आमच्या आत्याबाईले सांगता काय? फोनवर?"

त्यांनी खरंच सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

ऑपरेशन होतं, पण मोठं. एवढ्या त्रासाला त्याची गरज नाही, असं डॉक्टरीणबाईंचं मत पडलं. लहान घास, ओलं अन्न, ताठ बसणं आणि भरपूर वेळ. वेळ घेतला की घास जायचा. वजन नीट राहिलं. वहिनी खूश होती.

पण योगेशचं लग्न ठरलं आणि तिची झोप उडाली. मुलगी अकोल्याची. लग्नात विहिणींची पंगत असते. नवरदेवाच्या आईला मानानं पाटावर बसवतात, मुलीकडचे वाढतात, आग्रह करतात. तिथे हातात बादली घेऊन सुटका नाही. आणि विहीणबाई उठल्याशिवाय कोणी उठत नाही.

"मले ऑपरेशन करून घ्यायचं हाय," ती मला म्हणाली.

"एका जेवणासाठी छाती उघडतेस?"

"एकच जेवन हाय थे, मंदाबाई. पोरगा एकच हाय."

दादा म्हणाला, "उपास हाय म्हनून सांगून दे."

"पोराच्या लग्नात मायचा उपास? लोक काय समजतीन, पोरगी पसंत नाई?"

ऑपरेशन झालं नाही आणि लग्नाचा दिवस उजाडला.

मंडपात पाट मांडले, रांगोळी काढली. वहिनीच्या उजव्या बाजूचा पाट मामेसासूबाईंचा होता. आईनं त्यांना उठवलं आणि स्वतः तिथे बसली. श्रीखंड, पुऱ्या, मसालेभात आला. सगळ्यांची पानं संपत आली. वहिनीचं अर्धं ताट तसंच होतं. ती घाईनं पुरी तोडायला लागली. आईनं डाव्या कोपरानं तिला ढोसलं आणि मुलीकडच्यांना मोठ्यानं सांगितलं, "माह्या तोंडात दात नाईत, बाप्पा. मी हळूहळू जेवते. मले सोडून कोनी उठू नोका."

मग आई जेवली. पुरीचा नखाएवढा तुकडा श्रीखंडात भिजवून, एकेक. दात नव्हते हे खरं, पण घरी हीच बाई भाकर वरणात चुरून सगळ्यांच्या आधी हात धुवायची. मी समोर बसले होते. वहिनीचा घास उतरायचा, तेव्हा आईचा उठायचा. पुढे बायका गप्पांना लागल्या, कोणी नाव घेतलं, कोणी विहिणीला चिडवलं. कोणी हात वाळवत बसलंय असं कुठे वाटलंच नाही. वहिनीचं ताट स्वच्छ झालं. तरी आईच्या ताटात एक तुकडा शिल्लक होता. वहिनीनं पाणी पिऊन घेतलं, पदरानं तोंड पुसलं, तेव्हा आईनं तो खाल्ला.

दोघी त्यावर कधी एका शब्दानंही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून घरात वहिनी सगळ्यांबरोबर बसायची, आणि आई ताटात एक घास राखून ठेवायची. योगेशनं उठायची घाई केली की म्हणायची, "मी जेऊन राहिली ना अजून."

मागच्या रविवारी गावी गेले होते. योगेशच्या बायकोनं वाढलं. दादा, योगेश, मी, आई, सगळे एका रांगेत. आमची ताटं रिकामी झाली. आईच्या ताटात वरण-भाकरीचा एक घास होता. ती तो खात नव्हती. हात ताटाच्या कडेवर ठेवून ती बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहत होती... योगेश उठायला लागला. दादानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बस," तो म्हणाला. "आजीचं जेवन चालू हाय."

आम्ही हात वाळवत बसून राहिलो.