लाल बटणाजवळची जागा

तो ठोकळा पत्रा फाडून बाहेर गेला तेव्हा मी शेडच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होते. पलंगाचा सागवानी पाय होता तो, अर्धा कातून झालेला. लाकूड कातायची लेथ नेहमीसारखी थरथरत होती आणि नवरा नेहमीसारखा वाकून पटाशी लावत होता. एवढ्यात खाडकन आवाज झाला. माझ्या कानाजवळून काहीतरी गेलं, आणि दारालगतच्या पत्र्याला पडलेल्या भोकातून ऊन आत आलं. माझ्या हातातला कप तसाच होता. चहासुद्धा सांडला नव्हता.

नवऱ्यानं पट्टा सरकवून मशिन थांबवली, बाहेर जाऊन ठोकळा उचलून आणला, फिरवून पाहिला आणि म्हणाला, "गाठ होती आतमदी. दिसली नाही."

तो पुन्हा कामाला लागला. मी घरात येऊन कप खाली ठेवला.

आम्ही हैदराबादच्या मुलखात, भैंशाला राहायचो. मी मराठी शाळेत शिकवायची. माझ्या माहेरी शिकून नोकरीला लागणारी माणसं, त्यामुळे मी लाकूड कातणाऱ्याशी लग्न केलं याचं वडिलांना शेवटपर्यंत नवल वाटलं. नवरा पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी करायचा. त्याची लेथ जुन्या पिठाच्या गिरणीच्या मोटारीवर चालायची. त्या दिवसापासून मला तिच्या आवाजाची भीती बसली. स्वयंपाक करताना एक कान शेडकडे असायचा. आवाज जरा बदलला की हातातलं पीठ तसंच ठेवून मी दारात यायची. तो हसायचा.

"काऊन घाबरून राह्यली? लाकूडच तर हाय."

"ते लाकूड माझ्या डोक्यात बसलं असतं."

"बसलं नाही ना."

पुढच्या हिवाळ्यात कापसाच्या जिनिंगवाल्या सेठजींनी त्याला बोलावणं धाडलं. ते गावाबाहेर नवीन बंगला बांधत होते. हैदराबादेत कुठल्याशा जुन्या देवडीत, म्हणजे नवाबी वाड्यात, त्यांनी व्हरांड्याचे कातीव खांब पाहिले होते आणि ते त्यांच्या मनात भरले होते. तसेच खांब, तसाच जिन्याचा कठडा, सगळा सागवानाचा, आणि तोही भैंशातच, त्यांच्या डोळ्यांसमोर बनायला हवा होता. नवऱ्यानं सरळ सांगितलं की आमच्या मशिनवर एवढा मोठा खांब बसणारच नाही.

"तो दुसरा मशिन लो," सेठजी म्हणाले. "जो तुम्हारे मन में है, वही लो. पैसे का मत पूछो. मेरा काम होने के बाद मशिन तुम्हारे पास ही रहेगा."

नवऱ्यानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लहान पोराचा आनंद होता. मी मात्र घाबरले. एवढं देणारा माणूस उद्या काय मागेल, ही एक भीती. आणि छोट्या मशिननं पत्रा फाडला, मोठी काय फाडेल, ही दुसरी. पहिली भीती मी बोलून दाखवली. दुसरी पोटातच ठेवली.

मग काही दिवस तो जमिनीवर खडूनं मशिन काढायचा. जेवून उठला की ओसरीत उकिडवा बसायचा आणि मला समजावायचा. अंग बिडाचं पाहिजे, ओतीव लोखंडाचं, जड, म्हणजे हलणार नाही. लांबी अशी की पुरा खांब आडवा बसला पाहिजे. लाकूड धरणारा जबडा घट्ट पाहिजे. फिरण्याचा वेग कमीजास्त करता आला पाहिजे. इतक्या वर्षांच्या संसारात तो स्वतःसाठी काही मागताना मी पहिल्यांदा पाहत होते. म्हणून खडू पुसायला माझा हात होत नव्हता. सकाळी मी त्या मशिनला वळसा घालून झाडायची.

मशिन घ्यायला मी सोबत जाणार असं मीच ठरवलं. शाळेतून रजा काढली. त्यानं नवा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, कारण मोठ्या दुकानात जायचं होतं. सिकंदराबादच्या त्या बाजारात दोन्ही बाजूंना यंत्रांची दुकानं होती आणि सगळीकडे ग्रीसचा वास होता. दुकानदार म्हातारे मुसलमान गृहस्थ होते, बोलायला फार मवाळ. त्यांनी आधी लहान मशिन दाखवली, मग मधली. नवरा प्रत्येकीवर हात ठेवायचा, मान हलवायचा आणि पुढे जायचा. दुकानाच्या मागच्या भागात हिरव्या रंगाची एक मोठी मशिन उभी होती. तिथे तो थांबला. तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवत गेला.

"यही है," शेवटी म्हणाला.

मी तिच्याभोवती फिरले. तो तिची लांबी बघत होता, आणि मी बघत होते की बोट कुठे अडकेल, पदर कुठे ओढला जाईल. जबड्याचे लोखंडी दात बाहेर आलेले होते. मी दुकानदारांना विचारलं, "बंद कैसे होता है?"

त्यांनी पुढच्या बाजूचं लाल बटण दाखवलं. मी त्या बटणाजवळच उभी राहिले.

चालवून दाखवायला त्यांनी एक लाकूड चढवलं आणि नवऱ्याच्या हाती पटाशी दिली. मशिन सुरू झाली. आवाज आमच्या लेथसारखा खडखडाटी नव्हता, एकसुरी घुमणारा होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. लाकडाची लांब साल निघायला लागली. नवऱ्याचा चेहरा उजळला होता. दुकानाच्या त्या बंद भागात हिवाळ्यातही उकडत होतं म्हणून त्यानं मनगटाचं बटण काढून ठेवलं होतं. गुळगुळीतपणा पाहायला त्यानं डावा हात पुढे केला, आणि सुटलेली बाही जबड्याच्या दातात गेली.

तो ओरडला नाही. त्याचा खांदा एकदम खाली ओढला गेला एवढंच मला दिसलं. मी बटण दाबलं. मोटार बंद झाली, पण जबडा फिरवणारं चाक लगेच थांबेना. शर्ट फाटत गेला, मनगटापासून खांद्यापर्यंत, आणि मग सगळी बाही तुटून जबड्याला गुंडाळली गेली. हात बाहेर आला. पूर्ण होता. कोपराच्या वर कातडी सोलली होती.

"अल्लाह ने बचा लिया," दुकानदार हळूच म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

नवरा स्टुलावर बसला. चहा तसाच गार होत होता, आणि तो स्वतःच्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा हात असावा तसा बघत होता. मला वाटलं, आता हा उठेल आणि म्हणेल, चल घरी. मनातून मला तेच हवं होतं. दुकानदारांनी लहान मशिनकडे बोट दाखवून पाहिलं. नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "तूच सांग आता. मला नाही समजून राह्यलं."

मी उठून लहान मशिन चालू करायला सांगितली. तिच्यावर तळहात ठेवला. ती हलत होती, अगदी आमच्या शेडमधल्या लेथसारखी. ती थरथर मला पुरती ओळखीची होती. जी हलते ती लाकूड फेकते, एवढं मला कळत होतं. मग मोठीवर हात ठेवला. तिचं अंग गार आणि स्थिर होतं. तिच्याजवळ उभं राहायला माझं मन घेत नव्हतं, तरी मी म्हणाले, "हीच घ्या. पण दोन गोष्टी जोडून पाहिजेत."

एक म्हणजे जबड्यावर जाळीचं झाकण. दुसरी, खाली मशिनच्या पूर्ण लांबीची एक पट्टी, जी कुठूनही पायानं दाबली की मोटार तर बंद व्हावीच, चाकालाही ब्रेक लागावा. दुकानदार म्हणाले की त्याचे वेगळे पैसे पडतील. सेठजींनी पैशाचं विचारू नका म्हटलं होतं, तेव्हा तो शब्द तिथे पहिल्यांदा माझ्या कामी आला.

परतीच्या वाटेवर नवऱ्यानं उघड्या हातावर माझी शाल घेतली होती.

महिन्याभरानं लॉरीतून मशिन आली. शेडची भिंत पाडून ती आत बसवावी लागली. शेजारीपाजारी बघायला आले. बेज्जूरच्या जंगलातून आणलेलं सागवान अंगणात रचून ठेवलं होतं. सगळं तयार होतं, आणि नवरा मशिनला हात लावत नव्हता. तेल घालायचा, पुसायचा, पटाश्यांना धार लावायचा. सेठजींचा मुनीम विचारायला आला की सांगायचा, लाकूड अजून सुकलं नाही. मला माहीत होतं, लाकूड केव्हाच सुकलं होतं.

पत्रा फाटल्यापासून मी रोज भीत होते आणि भीतभीतच स्वयंपाक करत होते, शाळेत जात होते. त्याला ती सवय नव्हती. त्याच्यासाठी हे सगळं नवीन होतं.

एका रविवारी सकाळी मी त्याचे सगळे शर्ट काढले आणि बाह्या कोपराच्या वर कापून दुमडून शिवल्या. तो शेजारी बसून बघत होता. शेवटचा शर्ट झाल्यावर म्हणाला, "तू येतं का जरा आतमदी?"

"येते."

"त्या पट्टीवर पाय ठेवून उभी राय. मी म्हणलो की दाब. नाही म्हणलो तरी तुला वाटलं की दाब."

मी पदर खोचला आणि उभी राहिले. मशिन सुरू झाली. त्यानं पटाशी टेकवली आणि लगेच मागे घेतली. पुन्हा टेकवली. त्याच्या कपाळावर घाम होता. त्यानं सांगायच्या आधीच मी पट्टी दाबली. चाक जागच्या जागी थांबलं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. थांबते का ते पाह्यलं."

त्यानं श्वास सोडला आणि म्हणाला, "चालू कर."

पहिला खांब असाच झाला, माझी शाळा सुटल्यावर रोज थोडा थोडा. दुसऱ्या खांबापासून तो एकटा काम करू लागला. सेठजींचा बंगला झाला आणि ते आपल्या शब्दाला जागले. मशिन आमच्याकडेच राहिली. त्यांनी कधी काही मागितलं नाही.

माझी भीती मात्र गेली नाही, फक्त तिनं कूस बदलली. पुढे नव्वदच्या दशकात दुपारी लाइट फार जायची. घुमणारा आवाज अचानक बंद झाला की मी हातातलं काम टाकून शेडकडे धावायची. तो अंधारलेल्या शेडमध्ये भुशावर बसलेला असायचा, दोन्ही हात मला दिसतील असे गुडघ्यांवर ठेवून.

"लाइट गेली," तो म्हणायचा. "बस जरा."

मी त्याच्याशेजारी भुशावर बसायची. लाइट येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहायचो.