सातव्या वाफ्यातलं तिसरं झाड

आधीच सांगून टाकतो, रस्त्यात उतारा दिसला तर त्यावरून सायकल घालणारा माणूस आहे मी. हॉस्टेलची पोरं ज्या चिंचेखालून जायला टरकायची, तिच्याच बुंध्याला टेकून मी डबा खाल्लाय. पुढे शेतकी खात्यात नोकरी केली, आडरानातल्या शिवारांत एकटा फिरलो, काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. त्यामुळे "तुम्ही असल्या गोष्टी मानता का हो?" असं कृपा करून कोणी विचारू नका. नाही मानत. आणि तरीही हे लिहितोय, कारण गेल्या महिन्यात कपाट आवरताना ती डायरी आणि त्या सुतळ्या परत हातात आल्या. बायको म्हणाली, "टाका की आता तो कचरा." मी "टाकतो" म्हणालो आणि परत होत्या तिथे ठेवून दिल्या. तीस वर्षं होत आली... कंटाळा आलाय मला हे एकट्यानं सांभाळायचा.

तर... नव्वदीच्या दशकाचा मध्य. मी राहुरीला एमएस्सी अ‍ॅग्री करत होतो. घर पारनेरला, वडील प्राथमिक शिक्षक, रिटायरमेंट तोंडावर आलेली. माझा मामेभाऊ दुबईला होता, त्यानं सुट्टीवर येताना माझ्यासाठी डिजिटल डायरी आणली. आजच्या पोरांना सांगून कळणार नाही, पण तेव्हा ती वस्तू म्हणजे काय होती! तळहाताएवढी, काळी, उघडली की वर राखाडी स्क्रीन, खाली बारीक बटणं. फोन नंबर, टाइमटेबल, मेमो, सगळं त्यात. अख्ख्या हॉस्टेलात एकच, आणि ती माझ्या खिशात. मी उगाचच दर पाच मिनिटांनी उघडून बघायचो.

माझा प्रयोग हरभऱ्यावर होता. घाटेअळीवर निंबोळी अर्क किती चालतो, हे बघायचं. विद्यापीठाच्या फार्मवर बारा वाफे होते, चार ओळींत तीन-तीन. प्रत्येक वाफ्यात पाच झाडं निवडून त्यांना नंबराची चिठ्ठी बांधलेली. फवारणी झाली की तिसऱ्या दिवशी त्या साठ झाडांवरचे किडके घाटे, म्हणजे शेंगा, मोजायचे. तिसऱ्याच दिवशी, दुसऱ्या नाही आणि चौथ्याही नाही. आमच्या गाईडसरांचा त्याबाबतीत फार कडक खाक्या होता. माझ्या आधीच्या एका सीनियरनं आकडे मनाचे घातले होते, सरांनी पकडलं आणि त्याला सगळा प्रयोग पुढच्या हंगामात पहिल्यापासून करायला लावला. वर्ष गेलं त्याचं.

मोजायला माझ्याबरोबर सखुमावशी असायच्या. फार्मवर रोजंदारीनं कामाला, पन्नाशीच्या, जवळच्याच वस्तीवर राहायच्या. त्या झाडापाशी उकिडव्या बसून एकेक घाटा बोटानं चाचपायच्या, भोक दिसलं की मोजायच्या आणि आकडा ओरडायच्या. मी बांधावर उभा राहून तो डायरीत दाबायचो. रविवारी सगळं रजिस्टरात उतरवायचं. मावशींना अक्षरओळख नव्हती, पण मोजण्यात चूक? नाव नको.

"सायेब, ही डबी इसरत न्हाई का वो कदी?" त्यांनी एकदा विचारलं.

"नाही मावशी. एकदा घातलं की घातलं."

"बरंय बया. आमचं आपलं गाठीवर."

खरंच त्यांचं सगळं गाठीवर असायचं. किती दिवस कामावर आलो, ते त्या सुतळीला गाठी मारून लक्षात ठेवायच्या. शेडच्या खिळ्याला ती सुतळी टांगलेली असायची. मुकादमाच्या हजेरीपुस्तकात चूक निघाली होती एकदा, सुतळीत नाही. आम्ही पोरं हसायचो. मीही हसलोय, खोटं कशाला सांगू.

जानेवारीच्या अखेरीस शेवटची फवारणी झाली. मोजणी मंगळवारी होती. आणि सोमवारी माझा रूममेट गोरख याच्या बहिणीची हळद, श्रीगोंद्याला. म्हटलं हळद लागली की सकाळच्या एसटीनं परत यायचं. पण गेलो तो हळद, लग्न, मांडवपरतणी, सगळं उरकूनच निघालो. त्यांच्याकडच्या पाव्हण्यांना डायरी दाखवण्यातच माझे दोन दिवस गेले. गुरुवारी परतीच्या एसटीत बसलो तेव्हा बोटांवर दिवस मोजले... तिसरा दिवस कधीच उलटून गेला होता.

मग मी काय केलं? खिडकीपाशी बसून, श्रीगोंदा ते नगर एवढ्या वेळात, साठ आकडे मनानं बनवले. मागच्या मोजणीचे बघायचे, एखादा कमी करायचा, एखादा वाढवायचा. शेजारचा म्हातारा विचारत होता, "काय गेम खेळताय का?" मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी फार्मवर गेलो. मावशी निंदणीला होत्या. मला बघून उठल्या.

"सायेब, मंगळवारी लई वाट बगितली तुमची. दुपार झाली तरी न्हाई आला. मंग म्या आपलं..."

"असू दे मावशी. माझं झालंय काम. डबीत आहे सगळं."

"झालं? कवा झालं?"

"झालं म्हटलं ना!" मी खेकसलोच.

त्यांनी माझ्या खिशाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं. हुशार हाय डबी." आणि परत निंदायला बसल्या. ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. रविवारी मी ते साठ आकडे रजिस्टरात शाईनं उतरवले. त्याच रविवारी मावशींच्या छातीत दुखायला लागलं, नगरला दवाखान्यात नेलं, त्या परत आल्या नाहीत.

मला सोमवारी कळलं. वस्तीवर जायला हवं होतं, गेलो नाही. कुठल्या तोंडानं जायचं, असं वाटत राहिलं. नंतर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, फार्मवरचे सगळे गेले, मी ताप आल्याचं सांगितलं. हरभरा तोवर उपटून झाला होता. परत मोजायचं म्हटलं तरी झाडं नव्हती. सर दौऱ्यावर होते, त्यांचा निरोप आला की पुढच्या सोमवारी परत येतोय, रजिस्टर घेऊन ये, शेवटच्या फवारणीचं पान मला बघायचंय. शेवटचंच पान का? मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पकडलो गेलो तर अजून एक वर्ष, आणि वडिलांना काय सांगणार होतो मी, लग्नात नाचत होतो म्हणून?

सर यायच्या आदल्या शनिवारी दुपारी डायरीची स्क्रीन एकदम फिकट झाली. सेल बदलायला घेतले. त्यात दोन सेल असतात, एक चालवायचा आणि एक मेमरी सांभाळायचा. एक काढला की दुसरा आत हवा, नाहीतर सगळं पुसलं जातं, हे पुस्तिकेत ठळक लिहिलेलं. मी दोन्ही एकदम काढले. नवे घालून सुरू केली तर डायरी कोरी. नंबर गेले, टाइमटेबल गेलं, सगळं साफ. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, ते खोटे आकडेही गेले म्हणून.

तरी एकदा मेमो उघडून बघितला. तिथे एक नोंद होती.

बारा ओळी, ओळीत पाच आकडे. मी प्रत्येक ओळीआधी वाफ्याचा नंबर घालायचो, तो यात नव्हता. नुसते आकडे. आणि ते माझे नव्हते. रजिस्टर काढून शेजारी ठेवलं. एकही ओळ जुळत नव्हती. सातव्या ओळीत तर पाच, दोन, मग नुसती आडवी रेघ, मग आठ, चार. रेघ कशाची? मी तर तिथे सहा लिहिलं होतं.

गोरख पलंगावर पेपर वाचत पडला होता. म्हटलं, "गोऱ्या, तू टाकलेस का रे हे?"

"मला काय दुसरे धंदे न्हाईत व्हय? आन् आत्ता तर तू नवे सेल घातले माझ्याम्होरं."

पुसलं. बंद करून उघडली, नोंद तिथेच. परत पुसलं, आता गोरखच्या समोर. त्यानं स्वतः उघडली, परत तिथेच. तो उठून बसला. मग मी दोन्ही सेल काढून खिशात घातले आणि मोकळी डायरी टेबलावर ठेवून दिली. रविवारी सकाळी सेल घातले... बारा ओळी, सातव्या ओळीत रेघ. गोरख म्हणाला, "मित्रा, मला ह्यात घेऊ नको." चप्पल घालून मेसला निघून गेला. आजही भेटला की लग्नकार्य, ऊस, पाऊस, सगळं बोलतो. हा विषय काढला की घड्याळ बघतो.

त्याच सकाळी अकराच्या सुमाराला हॉस्टेलच्या गेटवरून बोलावणं आलं. एक बाई उभी होती, हातात कागदाची पुडी. मावशींची सून, रंजना.

"तुमीच का डबीवालं सायेब? आत्यांनी दवाखान्यात जाताना सांगितलं हुतं, हे सायबाला द्या म्हनून. घरात गडबड, माझ्याकडनं राहून गेलं."

पुडीत चार सुतळ्या होत्या. गाठी गाठी मारलेल्या.

"काय आहे हे?"

"मला काय ठावं? मंगळवारी रानातनं आल्या तवा कमरेला खोचलेल्या हुत्या. म्हनल्या, सायेब आला न्हाई, मोजायचं तर आजच हुतं, म्हनून म्या मोजून ठिवलं. तुमाला सांगाय गेल्त्या म्हनं, तर तुमाला येळ न्हवता."

ती निघाली, तिला पाणीसुद्धा विचारलं नाही मी.

खोलीत येऊन दार लावलं. वाफ्यांच्या एका ओळीची एक सुतळी. दर झाडाच्या गाठी जवळजवळ, मग वीतभर मोकळी सुतळी, मग पुढचं झाड. वाफा संपला की मोठी दुहेरी गाठ. एका हातात डायरी धरली, दुसऱ्या हातानं गाठी मोजत गेलो. पहिला वाफा जुळला. दुसरा जुळला. मधेच गाठ निसटायची, परत पहिल्यापासून मोजायचं. तिसऱ्या सुतळीवर सातवा वाफा लागला. पाच गाठी. दोन गाठी. आणि तिसऱ्या झाडाच्या जागी गाठ नव्हतीच, तिथे एक चिठ्ठी बांधलेली होती. माझ्याच अक्षरातली, झाडाला मी स्वतः बांधलेली, "वाफा ७, झाड ३". कडेला चावल्याच्या खुणा. त्यापुढे आठ गाठी, चार गाठी.

झाडच नव्हतं तिथे. शेळी शिरली असणार आणि तेवढंच खाऊन गेली असणार. आणि मी एसटीत बसून त्या नसलेल्या झाडावर सहा किडके घाटे मोजले होते. मी रडलो त्या दिवशी. भीतीनं नाही, लाजेनं.

रजिस्टरातलं ते पान फाडलं आणि सुतळीवरून नवं लिहिलं. सोमवारी सरांपुढे ठेवलं. त्यांनी दुसरं काही बघितलंच नाही, बोट सरळ सातव्या वाफ्यावर नेलं. तिथे रेघ बघून चष्मा काढला.

"बरोबर. दौऱ्यावर निघायच्या आधी, मोजणीच्या आदल्या संध्याकाळी मी चक्कर मारली होती. शेळी हाकलली मी तिथनं. म्हटलं बघू, पोरगं काय लिहितंय." मग म्हणाले, "शाबास. मोजायला बरोबर कोण होतं?"

"सखुमावशी, सर."

"हं. गेली बिचारी. फार चोख बाई."

तेव्हाच बोलायला हवं होतं. सर, मी नव्हतोच तिथे, एकट्या त्याच होत्या... एवढंच. "शाबास" खिशात घालून बाहेर आलो. खोलीवर येऊन डायरी उघडली तर मेमो कोरा. परत कधीच काही उमटलं नाही. सेल बदलले, तासन् तास बघत बसलो, काही नाही.

लोक काय म्हणतील मला माहीत आहे. चिपमध्ये जुनं काहीतरी राहिलं असेल. राहिलं असेल ना, पण माझंच राहील की, मावशींच्या सुतळीतलं कसं येईल? झोपेत मीच दाबले असतील आकडे. पण शेळीचं मला कुठे ठाऊक होतं? डायरी मंगळवारी श्रीगोंद्यात माझ्या खिशात होती, सुतळ्या वस्तीवर मावशींच्या घरात. मी सगळं उलटंसुलटं करून बघितलंय, उत्तर सापडलेलं नाही, आणि आता शोधायचं त्राणही नाही.

सर आता नाहीत. रंजना कुठे असते, ठाऊक नाही. प्रबंध कपाटातच आहे, सुतळ्यांच्या शेजारी. परवा आभाराचं पान उघडून परत वाचलं. त्यात सर आहेत, आईवडील आहेत, गोरख आहे, टायपिंग करून देणारासुद्धा आहे. डायरी आणून दिली म्हणून दुबईचा मामेभाऊ पण आहे.

सखुमावशी नाहीत. तेव्हा लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, काय केलं म्हणून त्यांनी. म्हणून नाही लिहिलं. आज इथे लिहितोय, की त्या मंगळवारी ती एकोणसाठ झाडं आणि एक रिकामी जागा त्यांनी एकटीनं मोजली होती.